घराची माती आणि घराचा हक्क

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०२४ च्या पावसाळ्याअखेरीस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. ही वनस्पती या डोंगरांत आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. यापूर्वी ती २०१६ साली व त्याआधी २००८ साली फुलली होती. डोंगराचे उतार जांभळे झाले, शहरातून माणसे ते पाहावयास गेली, वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. हे सर्व ठीकच झाले. परंतु ज्या कारवीच्या फुलासाठी एवढी गर्दी लोटली, तिच्या काठीचे काय होते, हे फारसे कोणी विचारले नाही. त्याच उद्यानात नवापाडा आहे. दक्षिणेस आरेच्या हद्दीत खांबाचा पाडा आहे, केलटीपाडा आहे. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांची ही वस्ती शहरापेक्षा जुनी आहे. या लोकांच्या लेखी कारवी म्हणजे घराची भिंत.

कारवीच्या सरळ काठ्या शेजारीशेजारी उभ्या करावयाच्या, बांबूच्या कामट्यांनी त्या आडव्या आवळावयाच्या, आणि दोन्ही अंगांनी माती व शेण यांचा लेप द्यावयाचा, की कूड तयार होतो. चार कोपऱ्यांस टणक लाकडाचे खांब, वर बांबूचे वासे, त्यांवर गवत किंवा भाताचा पेंढा. जोते उंच, पाखे भिंतीपुढे चांगले हातभर उतरलेले. छप्पर दरवर्षी पावसापूर्वी शाकारावयाचे, भिंत सणासुदीला सारवावयाची. या घरात विकत आणलेली वस्तू जवळजवळ नसे. त्याला लागे ते जंगलातील सामान, शेजाऱ्यांचा हात आणि पिढ्यांनी जपलेली माहिती.

ही माहिती अडाणीपणाची नव्हती, हे नीट समजून घेतले पाहिजे. उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. हवेत बाष्प इतके की माणूस घामाघूम होतो तो नुसत्या उष्म्याने नव्हे, तर घाम वाळत नाही म्हणून. देशावरच्या घराची दीड-दोन हात जाडीची भिंत दिवसाचे ऊन अडवून धरते आणि ते रात्री सावकाश सोडते. तेथे रात्र थंड असते, म्हणून ते मानवते. किनारपट्टीवर रात्रही उष्ण. येथे जाड भिंतीने साठविलेला उष्मा नेमका झोपण्याच्या वेळी अंगावर येतो. म्हणून येथील शहाणपण असे की भिंत हलकी हवी, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वाऱ्याला वाट हवी, आणि पाखे इतके लांब हवेत की तिरपा पाऊस मातीला लागू नये. अंबोली, मरोळ, एक्सर, गोराई या गावठाणांतील जुन्या घरांनी, वेसाव्याच्या कोळीवाड्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे हीच गोष्ट लाकडाने, चुन्याने आणि कौलांनी साधली. मंगळुरी कौल हे मूळचे येथले नव्हे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास त्याचा कारखाना काढला, आणि पुढे ते साऱ्या किनाऱ्याने आपलेसे केले. कारण सरळ आहे. त्या कौलाने दरवर्षीची शाकारणी वाचविली, आणि एखादे कौल फुटले तर तेवढेच एक बदलता येत होते. लोक नव्याला भीत नाहीत. जे आपल्या हाताने दुरुस्त होत नाही, त्याला मात्र ते भितात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता त्या पाड्यांवर जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी कुडाच्या जागी पत्रा आहे, छपरावर निळी ताडपत्री आहे. आदिवासी आपली विद्या विसरला असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून काडीही हलविता येत नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, आणि पुढील काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. त्या धामधुमीत मूळ पाड्यांच्या डोक्यावरही टांगती तलवार आली. आरेत १९४९ साली दुग्ध वसाहत वसविली गेली, तेव्हापासून तेथील पाडे सरकारी जागेवरील जणू बिनबुलावलेले पाहुणे ठरले. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातील घरे उठविली गेली आणि ती माणसे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत गेली. कारवी तोडली तर गुन्हा, विटांचे घर बांधावे तर परवानगी नाही. अशा माणसापुढे ताडपत्रीवाचून उरते काय?

याच वर्षांत कर्जत-अलिबागच्या बाजूला मातीच्या भिंतींची आणि बांबूच्या छपरांची विश्रामगृहे उभी राहिली आहेत. तेथे एका रात्रीच्या वास्तव्यास जे भाडे पडते त्यात पाड्यावरील कुटुंबाचा बराच काळ चरितार्थ चालावा. निसर्गातील सामानाने बांधणे हे धनिकाच्या बाबतीत सुरुची ठरते, गरिबाच्या बाबतीत अपराध. या विपर्यासाचे मूळ वास्तुशास्त्रात सापडावयाचे नाही. घर कशाचे बांधावे हा प्रश्न, ते कोणाच्या जमिनीवर उभे आहे या प्रश्नापासून तोडता येत नाही.

उपनगरांतील झोपडपट्टीत काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्त्यास हे पुराव्याने सांगावयास नको. घाटकोपरच्या टेकडीवरील कुटुंब पत्र्याची भिंत का घालते? पत्रा उन्हात भट्टीसारखा तापतो, पावसात कान किटवतो, हे त्याला ठाऊक नाही काय? परंतु पाडापाडीची गाडी आली तर पत्रा उचलून नेता येतो. मातीची भिंत नेता येत नाही. ज्या दिवशी वस्तीला संरक्षण मिळाल्याची खात्री होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी विटा येऊन पडतात. अर्थात भिंतीची सामग्री हवामान पाहून ठरत नाही, भीती पाहून ठरते.

मुंबईच्या वैभवाची सामग्री मात्र उपनगरांनीच पुरविली आहे. फोर्टातील वस्तुसंग्रहालयाची देखणी इमारत कुर्ल्याच्या आणि मालाडच्या दगडाची आहे. तो दगड ज्यांनी फोडला त्या पाथरवट-वडारांना कोणी संग्रहालयाच्या उद्घाटनास बोलाविले असेल असे वाटत नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खांबांची टेकडी. जगात असे खडक मोजके. खाणीने कुरतडून आज तिचा एक सुळका तेवढा उरला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी इमारती भिडल्या आहेत. चांदिवलीच्या खाणींनी खडी दिली; खाणीचा परिसर रिकामा झाला तेव्हा राष्ट्रीय उद्यानातून उठविलेल्या हजारो कुटुंबांना त्याच बाजूला घरे देण्यात आली. त्या वस्तीचे नाव संघर्षनगर. निवारा हक्क सुरक्षा समितीने दीर्घ लढ्याने ती मिळविली, आणि इमारतींची मांडणी अंगणांभोवती व्हावी असा आग्रह धरला, ही त्यातली जमेची बाजू.

खडीच्या पाठोपाठ सिमेंट येते, आणि सिमेंटचा विषय या पक्षाच्या कार्यकर्त्यांस परका नाही. १९८० च्या सुमारास सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्याशी निगडित प्रतिष्ठानांना बांधकाम व्यावसायिकांनी देणग्या द्यावयाच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळावयाचा, असा व्यवहार उघडकीस आला. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाणाऱ्यांत बाबूराव सामंत आणि मृणाल गोरे ही समाजवादी चळवळीतील माणसे होती. न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी देणग्या आणि सिमेंट यांतील देवघेवीवर बोट ठेवले, आणि अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर लगेच त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले. १९८९ साली पूर्ण उठले. सिमेंट मुबलक झाले, काळा बाजार संपला, आणि चळवळीने समाधानाने तो विषय मिटविला.

विषय मिटला नव्हता, हे आता दिसते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंशांच्या भट्टीत भाजावी लागते. त्या भट्टीचा कोळसा धूर सोडतोच, शिवाय चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो कोणत्याही सुधारित भट्टीने टळत नाही. जगातील या वायूच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे आहे. जुना चुना नऊशे अंशांच्या आसपास भाजला जातो आणि भिंतीत मुरताना हवेतील तो वायू बऱ्याच अंशी परत शोषून घेतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत काँक्रीटमधील सळई मात्र गंजते, फुगते, आणि स्लॅबचे पापुद्रे पलंगावर पडू लागतात. कौल फुटले तर कौल आणता येते. स्लॅब गळू लागला की कंत्राटदार आणावा लागतो, सोसायटीची सभा भरते, वर्गणीवरून भांडणे होतात, आणि शेवटी पुनर्विकासाचा बिल्डर दारात उभा राहतो.

येथे थोडे थांबून दुसरी बाजू मांडली पाहिजे, कारण या विषयात भाबडेपणा फार शिरला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. ती नैसर्गिक सामग्रीच्या घरांतच गेली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर वर्षानुवर्षे थरावर थर चढविलेले मातीचे माळवद. धरणी हलताच हे सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. हलक्या छपरांची घरे त्या मानाने वाचली. तेव्हा माती वाईट नाही आणि माती पवित्रही नाही. कोणती माती, किती जाड, कशाने बांधलेली, हे पाहावे लागते. किल्लारीनंतर त्या भागातील लोक दगडमातीचे नावही काढीनात. जी विद्या आपल्या माणसांना दगा देते, तिच्यावरचा विश्वास भाषणांनी परत येत नाही.

दुसरे असे की सारवणाचे कौतुक सारवणाऱ्याला विचारून करावे. दरवर्षी माती आणावयाची, शेण कालवावयाचे, भिंती आणि जमीन लिंपावयाची, हे काम बाईचे असे. पुरुष खांब रोवी आणि त्याचे नाव होई. बाई घर उभे ठेवी आणि तिचे काम दिसत नसे. तिला सिमेंटची फरशी मिळाली तेव्हा तिचे कंबरडे वाचले. ज्या पक्षाने लाटणे मोर्चे पाहिले, त्याने तरी हा हिशोब विसरू नये. माती पुन्हा आणावयाची असेल तर तिच्याबरोबर श्रमाची वाटणीही नवी हवी, नपेक्षा ती सुधारणा नव्हे.

आणि तिसरी गोष्ट इजिप्तची. हसन फथी या थोर वास्तुशिल्पीने १९४५ ते १९४८ या काळात लक्सरजवळ नवे गुर्ना नावाचे गाव कच्च्या विटांनी बांधावयास घेतले. घुमट, अंगणे, वाऱ्याच्या वाटा, सगळे त्या देशाच्या परंपरेतले आणि स्वस्त. परंतु ज्यांच्यासाठी ते बांधले ते लोक तेथे जावयास तयार झाले नाहीत. सरकारला त्यांना जुन्या गावातून उठवावयाचे होते, आणि सुंदर घर हे उठविण्याचे साधन झाले होते. फथींचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. पण लोकांना न विचारता बांधलेले मातीचे घर हेही वरून लादलेलेच घर. शिवाय इजिप्तची हवा कोरडी. तेथला घुमट गोरेगावच्या पावसात विरघळून जाईल. केरळातील विश्रामगृहाची नक्कल कर्जतला आणि कर्जतची मुलुंडला, असे या विद्येचे स्थलांतर होत नाही.

मग जमिनीचा प्रश्न आधी सोडविण्याचा प्रयत्न कोणी केला? तोही याच उपनगरांत झाला आहे. १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्याने धनिकांकडील जादा जमीन सरकारजमा व्हावयाची होती. ती होत नव्हती. सवलतींची कलमे वापरून ती बिल्डरांच्या हाती जात होती. मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद स्थापून ही जमीन अल्प उत्पन्नाच्या लोकांना मिळावी म्हणून न्यायालयात आणि रस्त्यावर झुंज दिली. गोरेगावच्या दिंडोशीस ६२ एकर जमिनीवर सहा हजारांवर घरे झाली. कारकून, गिरणी कामगार, शिक्षक यांना मुंबईत हक्काचे छप्पर मिळाले. आज तो कायदाच राहिलेला नाही. महाराष्ट्राने २००७ साली तो रद्द केला. त्यामुळे दिंडोशीची पुनरावृत्ती त्या वाटेने होणार नाही.

नागरी निवाऱ्याच्या इमारती सिमेंट-काँक्रीटच्याच आहेत. सिमेंटच्या भ्रष्टाचाराविरुद्ध लढलेल्या माणसांनी सिमेंटनेच घरे बांधली, यात विनोद शोधणाऱ्याने शोधावा. त्या काळी घर मिळविणे हीच लढाई होती, ते कशाचे असावे हे विचारण्याची उसंत नव्हती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तथापि तो प्रश्न तेव्हा राहिला तो राहिलाच, आणि चळवळीच्या मागणीपत्रकात आजही तो नसतो.

वास्तविक समाजवाद्यांना त्याची ओळख फार पूर्वी झाली होती. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजींचे पहिले निवासस्थान बांधताना अट होती की सामान जवळपासचे हवे, कारागीर गावचे हवेत, आणि खर्च शंभर रुपयांवर जाता कामा नये. त्या कुटीला उपहासाने हसणारे समाजवादी थोडेथोडके नव्हते. मात्र १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला, तेव्हा ते त्याच प्रश्नाला दुसऱ्या दारातून भिडत होते: भांडवल थोडे, हात पुष्कळ, तर तंत्र कसे असावे? घरबांधणीत या प्रश्नाचे उत्तर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या केंद्राने शोधले. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने हाताने चालणाऱ्या यंत्रात माती दाबून ठोकळे करण्याचे तंत्र विकसित केले. मातीत थोडे सिमेंट किंवा चुना मिसळावयाचा, ठोकळा दाबावयाचा आणि पाणी मारून पक्का होऊ द्यावयाचा. भट्टी नको, लाकूड नको, कोळसा नको.

लॉरी बेकर हे जन्माने इंग्रज. मुंबईत गांधीजींशी त्यांची भेट झाली, आणि घरासाठी पाच मैलांच्या आतले सामान वापरावे हा विचार त्यांनी तेथून घेतला तो आयुष्यभर सोडला नाही. केरळात त्यांनी श्रीमंतांचीही घरे बांधली, पण कोळ्यांची, कष्टकऱ्यांचीही बांधली. विटा उभ्या रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवली की जवळजवळ चतुर्थांश विटा वाचतात. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट नुसते ओझे म्हणून असते. तेथे जुनी मंगळुरी कौले बसविली की सिमेंट आणि सळई दोन्ही वाचतात. खिडकीच्या जागी विटांची जाळी केली की चौकट नको, गज नको, वारा मात्र येतो. १९८५ साली स्थापन झालेल्या ‘कॉस्टफोर्ड’ या संस्थेच्या मागे माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन यांच्यासारखा कम्युनिस्ट नेता उभा राहिला, ही गोष्ट महाराष्ट्रातील डाव्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. बेकर गवंड्याच्या शेजारी उभे राहून काम करीत. उपनगरांतील नाक्यावर सकाळी उभा असलेला गवंडी आज चुना कसा मळावा हे क्वचितच सांगू शकतो, कारण गेल्या दोन पिढ्यांत त्याला ते कोणी करू दिले नाही.

मुंबईच्या अगदी जवळचे उदाहरण बेलापूरचे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात तेथे ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत बांधली. सात घरांचा एक गट, मध्ये सुमारे आठ मीटर लांब-रुंद असे समाईक अंगण. प्रत्येक घर स्वतःच्या जमिनीवर, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणून ज्याला जसे परवडेल तसे त्याने वाढवावे. उतरती छपरे, साध्या भिंती. स्थानिक गवंड्याला जमेल असे बांधकाम. पुढे पुष्कळ मालकांनी ती घरे पाडून काँक्रीटचे मजले चढविले. कोणी यास योजनेचा पराभव म्हणतात. परंतु ज्याच्या घरात बदल करण्याचा हक्क ज्याचा त्याला, असे गरिबांसाठी बांधलेल्या किती वसाहतींविषयी म्हणता येईल?

कारण दुसरीकडे काय चालले आहे पाहावे. १९९५ साली युतीच्या सरकारने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन दिले. जमीन लोकांच्या पायाखालची, नफा विक्रीच्या इमारतीचा, आणि पुनर्वसनाची घरे कोपऱ्यात दाटीवाटीने. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाले, ही झगडून मिळविलेली वाढ खरीच. पण वाऱ्याचे क्षेत्रफळ कोणी मोजले नाही. गोवंडीच्या नटवर पारेख, लल्लूभाई आणि पीएमजीपी या वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेने अभ्यास केला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने दाखविले की इमारतींत अंतर अवघे तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, आणि तेथे क्षयाचा प्रादुर्भाव अधिक. सिमेंटच्या पक्क्या घरात येऊन माणूस खोकू लागला. ज्या वारली म्हातारीने भिंत आणि छप्पर यांच्यात बोटभर फट ठेवली, तिला जे कळत होते ते मंजुरीचा शिक्का मारणाऱ्यांना कळले नाही.

पक्के म्हणजे सुरक्षित, हा समजही तपासून घ्यावा. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसे गाडली गेली. ती झोपडीत राहत म्हणून नव्हे, तर उतारावर राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते म्हणून. २५ जुलै २०१७ रोजी त्याच घाटकोपरात चार मजल्यांची काँक्रीटची इमारत कोसळून १७ जण गेले; तळमजल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली झालेल्या तोडफोडीचा ठपका ठेवला गेला. २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली आणि सुमारे तीस जीव गेले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील ही माणसे पुनर्वसनाची वाट पाहत होती.

तेव्हा करावयाचे काय? एका कोटीहून अधिक माणसांच्या शहराला कुडाची घरे बांधून द्यावीत असे कोणी शहाणा म्हणणार नाही, आणि ज्याने चाळीत दिवस काढले त्याला शाकारणीचे धडे देऊ नयेत. उंच इमारतीत काँक्रीट लागणारच. पण इमारत उंचच का हवी? विक्रीसाठी जमीन मोकळी करावयाची असते म्हणून. तो हव्यास बाजूला ठेवला तर चार-पाच मजल्यांच्या, अंगणाभोवतीच्या, भाजीव विटेच्या किंवा दाबलेल्या ठोकळ्यांच्या वसाहतींत पुष्कळ माणसे सामावतात, आणि लिफ्टचे बिलही येत नाही. उपनगरांत प्रत्येक तळघरासाठी मुरूम खणला जातो, जुन्या इमारती पाडून विटांचे डोंगर निघतात, आणि हे सगळे रातोरात खारफुटीत नेऊन टाकले जाते. त्याच मुरमाचे ठोकळे आणि त्याच विटांची सुरखी महापालिकेने प्रत्येक विभागात का करू नये? नाक्यावरच्या माणसाला ते काम शिकवावे, त्याला नियमित मजुरी द्यावी. पुनर्वसनाच्या नकाशावर प्रत्येक खोलीस समोरासमोर दोन बाजूंनी वारा मिळतो की नाही, हे रहिवाशांच्या समितीने पाहिल्यावाचून सही देऊ नये. गावठाणांतील लाकूड-कौलांच्या घराला दुरुस्तीचा परवाना मिळविणे पाडण्याच्या परवान्याहून सोपे असावे. या मागण्या क्रांतिकारक नाहीत, पण मोर्चा काढण्याइतक्या मोठ्या आहेत.

पाड्यांचा प्रश्न यांहून निकडीचा आहे, आणि तेथे कायदा लोकांच्या बाजूचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीची व्याख्या करताना अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांचा नावाने समावेश केला आहे. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आहे, झुडपी लाकूड आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासीस घरजागेचा आणि या उपजाचा हक्क मागता येतो. आरेतील आठशे एकरांहून अधिक जमीन २०२० साली राखीव वन म्हणून जाहीर झाली. झाडे वाचली म्हणून सर्वांनी आनंद केला, तो रास्तच होता. ते वन झाले म्हणजे तेथील पाड्यांनाही हा कायदा लागला, हे मात्र फार थोड्यांनी त्यांना सांगितले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने याच कायद्याने सामूहिक वनहक्क मिळविला, आणि २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार केंद्रीय मंत्र्यांच्या हातून घेतला. गडचिरोलीत जे होते ते बोरिवलीत होत नाही, कारण बोरिवलीच्या जमिनीचा भाव निराळा.

उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी वांद्रे पूर्वेस आहे. दाव्यासाठी जुने शिधापत्रक, मतदारयादीतील नाव, आरे वसाहतीच्या जुन्या नोंदी, पाड्यातील वृद्धांचे जबाब असे पुरावे गोळा करावे लागतात, पाड्याची सभा भरवून ठराव करावा लागतो. हे काम एका मोर्चात होत नाही; एकेका पाड्याला एक-दोन कार्यकर्त्यांनी कित्येक महिने जावे लागेल. दाव्यात घरजागेबरोबर कारवी, बांबू आणि माती यांचा वेगळा उल्लेख आठवणीने करावा, कारण घरजागा मिळूनही काठी तोडता आली नाही तर पुन्हा पत्राच येईल. २०२४ साली सांडलेले बी आता उगवले आहे. त्याच्या काठ्या कुडाला येण्याजोग्या होण्यास अजून काही पावसाळे लागतील, आणि पुढचा फुलोरा २०३२ सालचा आहे. तेवढ्या अवधीत सर्व पाड्यांचे दावे दाखल होऊ शकतात.